मुलाची बाजू मांडायची आहे? आधी फाईल वाचायला शिका

माझ्या नोकरीचा पहिलाच आठवडा. बालकल्याण समितीसमोर नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक फ्रॉक आणि शाळेची वही. अध्यक्षबाईंनी मायेनं विचारलं, "बाळा, इथं राहशील ना?" ती रडली नाही, मानही हलवली नाही. एवढंच म्हणाली, "माझा भाऊ कुठं गेला?"

भाऊ चार वर्षांचा होता. त्याला सकाळीच दुसऱ्या संस्थेत पाठवलं होतं, कारण मुलींच्या बालगृहात मुलगा ठेवता येत नाही आणि सहाच्या आतल्या लेकरांची सोय वेगळी असते. एकही कागद चुकीचा नव्हता. फक्त हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत आम्ही सात मोठी माणसं होतो. सांगण्याचं काम माझं होतं आणि ते मला ठाऊकच नव्हतं.

पुढची एकोणीस वर्षं मी हेच काम करत आले. आता महिन्याला दोन-तीन फोन येतात: "मॅडम, मला अनाथ मुलांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

अनाथ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा

बालगृहातल्या मुलांना आम्ही कार्यालयीन भाषेत 'प्रवेशित' म्हणतो. शब्द रुक्ष आहे, पण 'अनाथ'पेक्षा खरा आहे. कारण यातल्या बहुतेकांना आई किंवा बाप असतो, कधी दोघंही असतात. कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणाची आई दवाखान्यात, तर कुणी घरच्या मारहाणीला कंटाळून रेल्वेत बसलेलं असतं. काहींच्या घरी फक्त पैसा नसतो. मूल घरापासून तुटलंय, ते घर दुरुस्त होईल का, नाही झालं तर कुठलं घर मिळेल, आणि तोवर त्या मुलाचं म्हणणं निर्णय घेणाऱ्यापर्यंत कोण पोचवेल, असा हा सगळा मामला आहे. यातला शेवटचा प्रश्न म्हणजे तुमची नोकरी.

अमेरिकेत १९७७ साली सिअ‍ॅटलच्या एका न्यायाधीशांनी अशा मुलांसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. आज तिथं ते मोठं जाळं झालंय. आपल्याकडे तसं एकच नाव असलेलं पद नाही. तेच काम सात-आठ जणांत विखुरलेलं आहे, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो.

कायद्याची तोंडओळख

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत. हे तिन्ही छापून घ्या, स्पायरल बाइंडिंग करा आणि पेन्सिल घेऊन बसा. शक्यतो मराठीतून आणि इंग्रजीतून असं दोनदा वाचा. कार्यालयात दोन्ही भाषा लागतात, मुलाच्या घरी एकच चालते.

कायदा मुलांचे दोन गट करतो. गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं बाल न्याय मंडळासमोर जातात. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं बालकल्याण समितीसमोर येतात, आणि हा लेख त्यांच्यापुरताच आहे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समितीला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठासारखे अधिकार असतात आणि महिन्यात किमान २० दिवस तिनं बसायचं असतं. दत्तक सोडलं तर मुलाच्या ताब्याबद्दलचे जवळजवळ सगळे निर्णय इथंच होतात. दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आले.

काही आकडे पहिल्या दिवसापासून तोंडपाठ हवेत. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत समितीसमोर आलं पाहिजे. सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी, १५ दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश झाला पाहिजे. आईबापांनी स्वतःहून मूल सोपवलं असेल, तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. आणि कलम ३ मधली तत्त्वं वाचाल तेव्हा एका तत्त्वाखाली रेघ मारा: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. रोजच्या धबडग्यात तो पहिला उपाय कधी होऊन बसतो, कळतही नाही. कारण संस्थेत जागा लगेच मिळते आणि नातेवाईक शोधायला एसटीनं जावं लागतं.

कुठल्या खुर्चीत बसायचं?

सरकारी बाजूनं बघितलं तर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथं जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, त्यांच्या हाताखाली दोन संरक्षण अधिकारी (एक संस्थांमधल्या मुलांचं बघतो, दुसरा संस्थेबाहेरच्यांचं), विधी व परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्र कार्यकर्ते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेनं ठरवून दिलेल्या दरांत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला ४४ हजारांच्या आसपास, संरक्षण अधिकाऱ्याला २८ हजारांच्या जवळपास, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्त्याला साडेअठरा हजार आणि क्षेत्र कार्यकर्त्याला साडेदहा हजारांच्या घरात मानधन आहे. पदं कंत्राटी. घरी हे आकडे आधीच सांगून टाका, लग्नाच्या बोलणीत अचानक नको. मानधन तीन महिने रखडलं की काय करायचं, याचाही विचार असू द्या. आमच्या कक्षात एकदा पाच महिने रखडलं होतं आणि तेव्हा आम्ही गृहभेटीला एकमेकांच्या गाडीत पेट्रोल टाकून गेलो.

कायम पदं आहेत, पण थोडी. परिविक्षा अधिकाऱ्यांची भरती महिला व बाल विकास आयुक्तालय सरळसेवेनं करतं, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी लोकसेवा आयोगातून येतात. अभ्यास करायची सवय असेल तर या वाटेनं जरूर जा. मात्र अधिकारी झाल्यावर मुलांपेक्षा बैठकांची संख्या वाढते, हेही आधीच कळलेलं बरं.

स्वयंसेवी संस्थांत केसवर्कर म्हणून लागलात तर काम सगळ्यात जवळून शिकायला मिळतं. वकील असाल तर मुलांना मोफत विधी सहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव घाला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याखाली समिती मुलासाठी 'सपोर्ट पर्सन' नेमू शकते. पोलीस ठाणं, दवाखाना, न्यायालय या सगळ्या फेऱ्यांत मुलासोबत राहणारं ते माणूस. मला विचाराल तर बाजू मांडण्याचं काम या पदात सर्वांत निखळ स्वरूपात बघायला मिळतं, आणि नेमकी याचीच माणसं कमी आहेत.

समितीचं सदस्यपद मात्र सुरुवातीचं नाही. त्याला वयाची पस्तिशी आणि मुलांसोबतचा सात वर्षांचा अनुभव मागतात. ते लांबचं स्टेशन आहे.

शिक्षण

समाजकार्यातली पदवी, त्यापेक्षा पदव्युत्तर पदवी, हा सरळ रस्ता. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे आणि तिचं एक संकुल तुळजापूरलाही आहे. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था. मानसशास्त्र किंवा कायदा शिकूनही येता येतं. जाहिरातीतली पात्रता नीट वाचा, एवढंच.

कुठून शिकलात यापेक्षा क्षेत्रकार्याचे दिवस कुठं घालवलेत, हे मुलाखतीत मी जास्त बघते. आणि युनिकोड मराठी टायपिंग शिकाच. हसू नका, अर्धी नोकरी त्यावर चालते.

आत शिरायच्या आधीचे सहा महिने

नोकरीच्या आधी एखाद्या बालगृहात किंवा शिशुगृहात नियमित जा. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, सहा महिने. तेवढं जमणार नसेल तर जाऊ नका. केक घेऊन येणारे, फोटो काढून जाणारे पाहुणे मुलांना चांगले ओळखता येतात. एका मुलानं मला विचारलं होतं, "ताई, तुम्ही वाढदिवसवाल्या का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग बसा."

फोटोवरून आठवलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवताना चेहरा पुसला तरी शाळेचा गणवेश आणि गावाचं नाव दिसतं. तेव्हा फोटो काढूच नका.

दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. तिथं विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं आणि प्रशिक्षण मिळतं. वकीलच असायला हवं असं नाही. न्यायालयाच्या आवारात कोण कुणाशी कसं बोलतं, कुठल्या खिडकीवर काय मिळतं, हे या मार्गानं फुकट शिकता येतं. शिवाय १०९८ या बालसेवा क्रमांकाचं काम आपल्या जिल्ह्यात कुठून चालतं, ते जाऊन बघा. चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेतून, जेरू बिलिमोरियांच्या पुढाकारानं सुरू झाली. आता ती सेवा सरकारनं स्वतःकडे घेतली आहे.

गृहभेट आणि अहवाल: इथं थोडं थांबू

नव्या माणसाची खरी परीक्षा सामाजिक तपासणी अहवालात होते. ऑफिसात त्याला एसआयआर म्हणतात. नियमांत त्याचा नमुना आहे, रकाने आहेत. ते भरले की झालं असं वाटतं, पण समिती मुलाला पाच-दहा मिनिटं बघते आणि बाकी सगळं तुमच्या कागदावरून ठरवते. तुम्ही लिहिलेलं एक विशेषण मुलाला वर्षभर संस्थेत ठेवू शकतं.

माझा स्वतःचा एक जुना अहवाल आहे, तो मी प्रशिक्षणात मुद्दाम दाखवते. त्यात मी लिहिलं होतं: 'आई बेफिकीर आहे. मुलांकडे लक्ष देत नाही. घर अस्वच्छ.' तीन वाक्यं, तिन्ही निकामी. वरिष्ठांनी तो परत पाठवला आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

मी पुन्हा त्या गावी गेले. घर म्हणजे पत्र्याची खोली. आई ऊसतोडीला जाणारी. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याला गेली की उन्हाळा तोंडावर येईपर्यंत परत यायची नाही. मुलांना म्हाताऱ्या सासूकडे ठेवून जायची. सासूला दिसत नव्हतं. त्या वर्षी सासू वारली आणि मुलं तीन आठवडे एकटी होती, शेजारची बाई भाकरी देत होती. आईला निरोप पोचला तेव्हा तिनं मुकादमाची उचल घेतलेली होती, ती फेडल्याशिवाय सुटका नव्हती. दुसऱ्या अहवालात मी हेच तारखांसकट लिहिलं, शेजारणीचं म्हणणं तिच्या शब्दांत घातलं, आणि शिफारशीत 'मुलं संस्थेत ठेवावीत' याऐवजी त्यांची मावशी दोन गावं पुढं राहते, ती सांभाळायला तयार आहे, तिच्या घराची भेट घेतली आहे, असं नमूद केलं. होय, ही सुरुवातीच्या त्याच बहीण-भावाची गोष्ट. पहिल्या भेटीत मावशीबद्दल मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. विशेषण सुचलं की त्याजागी जे डोळ्यांनी दिसलं ते लिहायचं. 'दारुडा बाप' असं लिहायचं नाही. 'भेटीच्या वेळी सकाळी अकरा वाजता वडिलांच्या तोंडाला दारूचा वास होता, मुलगा म्हणाला की रोज असतो' असं लिहायचं. कोण म्हणालं आणि मी काय पाहिलं, हे दोन वेगळे परिच्छेद. आजी, आत्या, मामा, मावशी, चुलते यांची नावं विचारल्याशिवाय घरातून उठायचं नाही. शाळेत जाऊन हजेरीपट बघायचा. शेजारी एकच घर विचारायचं नाही, दोन तरी. कारण एकाचं भांडण असतंच.

गृहभेटीला जाताना ओळखपत्र दर्शनी लावा, पण गावात शिरल्याशिरल्या चौकात "अमक्याचं घर कुठं, बालकल्याणवाले आलोत" असं मोठ्यानं विचारू नका. संध्याकाळपर्यंत त्या घराची अब्रू गेलेली असते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना आधी फोन करा, त्या घरापर्यंत नेतात. आत गेल्यावर चहा दिला तर घ्या. फाईल पिशवीतून लगेच बाहेर काढू नका.

मुलाशी बोलताना

पहिल्या भेटीत प्रश्न कमी विचारा. मुलानं तोवर पोलीस, डॉक्टर, अधीक्षक, समिती अशा चार जणांना तीच कहाणी सांगितलेली असते. पाचव्यांदा सांगताना ते मूल काय बोलावं यापेक्षा तुम्हाला काय ऐकायचंय याचा अंदाज घेत असतं.

त्याच्या बाजूला बसा, समोर नको. टेबलापलीकडून तर नकोच. मी कागद आणि रंगीत पेन्सिली नेते आणि घराचं चित्र काढायला सांगत नाही, कारण सगळे तेच सांगतात. "तुझ्या शाळेच्या रस्त्यात काय काय लागायचं?" हे विचारते. रस्ता काढता काढता घर येतंच, आणि कधी कधी त्या घरासमोर मूल थांबतं. थांबू द्या.

आणि खोटं आश्वासन देऊ नका. मी दिलं होतं. "पुढच्या सोमवारी येते" म्हणाले आणि जिल्हा परिषदेत बैठक लागली म्हणून गेले नाही. गुरुवारी गेले तर मुलगा बोलायलाच तयार नव्हता. अधीक्षकांनी सांगितलं, सोमवारी दिवसभर तो फाटकाजवळ होता. त्यानंतर मी 'बहुतेक' हा शब्दसुद्धा जपून वापरते. यायचं नक्की नसेल तर "मला यायचं आहे, पण अजून ठरलेलं नाही. ठरलं की फोन करीन" असं म्हणते आणि फोन करते.

"तुला काय हवंय?" हे विचारायलाच हवं. मात्र विचारताना सोबत हेही सांगा की निर्णय समिती घेणार आहे, तू म्हणशील तसंच होईल असं नाही, पण तुझं म्हणणं मी जसंच्या तसं सांगेन. आठ वर्षांच्या मुलालाही हे कळतं. भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत मुलाचं मत ऐकून घेण्याचा हक्क कलम १२ मध्ये आहे, आणि आपल्या कायद्यातही सहभागाचं तत्त्व आहे. तरी व्यवहारात मुलाचं मत अहवालाच्या शेवटच्या रकान्यात, 'बालक आनंदी आहे' या तीन शब्दांत गुंडाळलं जातं. मी तो रकाना अवतरणचिन्हांत भरते. 'मला आईकडं जायचंय पण बाबा असताना नको.' या एका वाक्यात समितीला आख्खी दिशा मिळते.

तुमचं मत मुलाच्या मताविरुद्ध असेल तर? असतं पुष्कळदा. मग दोन्ही लिहा, वेगवेगळी. मुलाला हवंय ते एका जागी, मला त्याच्या हिताचं वाटतं ते दुसऱ्या जागी, आणि का ते. मुलाचं म्हणणं स्वतःच्या मताला जुळवून वाकवलं की तुम्ही त्याची बाजू मांडणारे राहत नाही.

समितीसमोर

लांबलचक बोलू नका. मूल कोण, कधी आलं, आज कितवा दिवस, शेवटच्या आदेशातलं काय झालं, काय राहिलं, मूल काय म्हणतं, मी काय सुचवते. दोन मिनिटं पुरतात. 'आज कितवा दिवस' हे दरवेळी बोलून दाखवा. "मॅडम, आज एकशे चौथा दिवस आहे" या वाक्यानं जेवढं काम होतं तेवढं कळकळीच्या भाषणानं होत नाही.

आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा. त्यात 'योग्य ती कार्यवाही करावी' असं असेल तर नम्रपणे विचारा, कुणी आणि किती दिवसांत? ते नाव आणि तारीख आदेशात आली नाही तर पुढच्या तारखेला सगळे एकमेकांकडे बघतात. आणि बाहेर आल्यावर निकाल मुलाला तुम्ही सांगा. त्याच्या भाषेत, खाली बसून, घाई न करता.

संस्थेबाहेरचं घर: बालसंगोपन आणि प्रतिपालकत्व

या दोन्हींत लोक हमखास गोंधळतात. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जिचं नाव आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. यातली बहुतेक मुलं विधवा किंवा एकट्या आईकडे, आजीकडे, नातेवाइकांकडेच राहतात. म्हणजे मूल घरातून बाहेर पडू नये म्हणून दिलेला हा टेकू आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप) आहे, महिना ४,००० रुपयांचं. त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० आहे.

प्रतिपालकत्व, ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात, ते वेगळं. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ खाली समिती मूल ठरावीक काळासाठी एखाद्या कुटुंबात ठेवते. पालकांचा हक्क संपत नाही, त्यांना भेटता येतं, आणि त्या कुटुंबाची दरमहा पाहणी व्हायची असते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही हे दार उघडलं, आणि सांभाळलेलं मूल दत्तक घेण्यासाठी थांबायचा काळ पाच वर्षांवरून दोनवर आणला. आपल्याकडे हे अजून फार रुजलेलं नाही. कुटुंबं भेटायला येतात ती दत्तकाची प्रतीक्षायादी चुकवायला मिळेल का हे बघायला. त्यांना पहिल्याच भेटीत विचारा: मुलाची आई सहा महिन्यांनी सावरली आणि समितीनं मूल परत पाठवलं, तर तुम्ही त्याची बॅग भरून द्याल का? प्रश्न ऐकून जी कुटुंबं गप्प होतात आणि थोड्या वेळानं "अवघड जाईल, पण देऊ" म्हणतात, ती चांगली. लगेच "हो हो" म्हणणाऱ्यांची मी आणखी एक भेट ठेवते.

याच कलमात लिहिलंय की भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा, त्यांच्या हिताविरुद्ध नसेल तर. पहिल्या आठवड्यातली ती मुलगी माझ्यासमोर उभी होती तेव्हा आजचा कायदा नव्हता. आता आहे, म्हणून भावंडांच्या प्रत्येक अहवालात हे कलम क्रमांकासकट लिहा. एकत्र ठेवणं जमतच नसेल, तर भेटीचा वार ठरवून तो आदेशात घालून घ्या. त्या दोघांना मावशीकडे जाईपर्यंत सात महिने लागले. तेवढा काळ दर दुसऱ्या शनिवारी भाऊ बहिणीला भेटायला यायचा, कारण आदेशात तसा वार लिहिलेला होता. नुसतं 'वेळोवेळी भेट घडवावी' लिहिलं असतं तर ती भेट झाली नसती, हे मी पैजेवर सांगते.

दमणं

या कामात माणसं दोन प्रकारे बाद होतात. काही रोज रात्री रडतात आणि वर्षभरात सोडून जातात. काहींना काहीच वाटेनासं होतं आणि ती वीस वर्षं टिकतात. मुलांच्या दृष्टीनं ही दुसरी जास्त धोकादायक. आठवड्यातून एकदा एखाद्या अनुभवी सहकाऱ्यापुढं बसून केस बोलून टाकायची सवय लावा. नाव-गाव वगळून. घरच्यांना सांगू नका, त्यांना ते पेलत नाही आणि गोपनीयताही मोडते. स्वतःचा फोन नंबर मुलांना द्यायचा की नाही यावर आमच्यात कायम वाद होतो. मी देते. बरेच जण देत नाहीत, आणि त्यांचंही चुकतं असं नाही.

अठरावा वाढदिवस

नवख्यांच्या डोळ्यांसमोर लहान मुलं असतात. पण सर्वांत जास्त धावपळ सतराव्या वर्षी करावी लागते. अठरा पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावं लागतं. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, अपवादात्मक स्थितीत २३ पर्यंत. पण अनुरक्षणगृहं मोजकी, त्यामुळे अर्ज सतराव्या वर्षीच टाका. त्याच सुमाराला मुलाची सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये आणा: जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक, समितीचे आदेश, आणि खरोखर अनाथ असेल तर महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. ते प्रमाणपत्र नसेल तर त्याचा उपयोग शून्य. मूल संस्थेतून गेल्यावर ते मिळवायला जो त्रास होतो तो मी पाहिलाय. एका मुलीच्या फाईलमधलं पानच हरवलं होतं आणि दोन कार्यालयं वर्षभर एकमेकांना पत्रं लिहीत बसली.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला फोन आला. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा, पोलीस भरतीचा ऑनलाइन अर्ज भरत होता. मुदत बाराला संपणार होती.

"ताई, कायमचा पत्ता काय लिहू? मी आता भाड्यानं राहतोय, तेही पुढच्या महिन्यात सोडणार."

"आधारवर कुठला आहे?"

"बालगृहाचा."

"मग तोच टाक. पत्र आलं तर अधीक्षक मला सांगतील, मी तुला कळवते. आणि अनाथ आरक्षणाचा रकाना खाली आहे बघ, तो रिकामा सोडू नकोस. प्रमाणपत्राचा क्रमांक आहे ना जवळ?"

"फाईलमध्ये आहे."

"काढ. मी फोन धरून बसते."